मधमाशीचा सूक्ष्म वैरी व त्यावरील उपाय

मध आपण सर्वांनीं चाखला आहे. परंतु तो जमविणाऱ्या माशीस कोणकोणत्या शत्रूंशीं झगडावें लागतें, याचा विचार थोडेच लोक करितात. अस्वल, मुंग्या, मेणकिडा हे शत्रू डोळ्यांस सहज दिसतात. परंतु आज जगांतील मोहोळांस सर्वांत अधिक ग्रासणारा शत्रू टाचणीच्या माथ्याएवढा आहे. त्याचें नांव व्हॅरोआ. त्यावर उपाय पुष्कळ आहेत. त्यांची तुलना करावी, असें आम्हीं येथें योजिलें आहे.

ही कीड कोळ्यांच्या व गोचिडींच्या वर्गांतील असून रंगानें तांबूस तपकिरी असते. तिची लांबी सुमारें १.१ व रुंदी सुमारें १.६ मिलिमीटर असते. हिची एक जात १९०४ सालीं जावा बेटांत प्रथम वर्णिली गेली. तेथील माशी व आपल्या सह्याद्रींतील सातेरी या एकाच जातीच्या होत. सातेरी अंगावरील कीड झाडून टाकिते. शिवाय तिच्या मोहोळांत ही कीड बहुधा नरांच्याच घरांत वाढते. म्हणून दोघींचें कसेंबसें निभतें. परंतु मेलिफेरा ही युरोपीय माशी आशियांत आणली गेली, तेव्हां कीड तिजवर चढली. आणि तिला असा बचाव साधेना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही कीड १९८७ सालीं, इंग्लंडांत १९९२ सालीं व ऑस्ट्रेलियांत २०२२ सालीं आढळली.

आतां तिची रीत पाहूं. कारण सर्व उपायांचें मर्म हिच्यांतच आहे. अळीच्या घरावर मेणाचें झांकण बसण्यापूर्वीं कीड हळूच आंत शिरते, आणि झांकणाआड अंडीं घालून कोषावर वंश पोसते. ती पंख विकृत करणारा विषाणूही पसरविते. म्हणून प्रत्येक उपायाबद्दल पहिला प्रश्न हा कीं, तो झांकणाआडच्या किडीस गांठतो काय?

(१) औषधी पट्ट्या. फ्लुव्हॅलिनेट, अमिट्राझ इत्यादि द्रव्यांच्या पट्ट्या कांहीं आठवडे पेटींत टांगतात. झांकणाआडची कीड बाहेर येतांच औषधास सांपडते. उपाय सोपा, परंतु तेंच औषध वारंवार वापरल्यानें किडींत त्यास न जुमानणारे वंश निपजतात. फ्लुव्हॅलिनेट मेणांतही सांचून राहतें.

(२) फॉर्मिक आम्ल. याची वाफ झांकणांतून आंत जाते, हा याचा मोठा गुण. परंतु हवा सुमारें ३० अंश सेल्सिअसच्या वर गेली, तर पिलावळ व राणी दगावण्याचें भय असतें. आपल्याकडील चैत्र-वैशाखांत तें वापरणें धोक्याचें.

(३) ऑक्झॅलिक आम्ल. हें झांकणाआड पोहोंचत नाहीं. मात्र मोहोळांत पिलावळ नसेल, तेव्हां एकाच वेळीं दहांतील नऊ किडींहून अधिक मारूं शकतें. म्हणून कांहीं मधपाळ राणीस तीन आठवड्यांहून अधिक काळ पिंजऱ्यांत ठेवून अंडीं थांबवितात व मग हें देतात.

(४) थायमॉल. हें आपल्या घरच्या ओव्यांत असतें. यासच ओव्याचें फूल म्हणतात. थंडींत याची वाफ नीट होत नाहीं, आणि फार उन्हांत माश्या कष्टी होतात. मधास वास लागतो, म्हणून मध भरण्याच्या काळांत तें देऊं नये.

(५) औषधावांचून उपाय. किडीस नरांचीं घरें अधिक आवडतात. म्हणून झांकण बसलेलें नरांचें पोळें, नर बाहेर पडण्यापूर्वींच, कापून काढावें. यानें कीड कमी होते. पण एवढ्यानें भागत नाहीं.

यांत श्रेष्ठ कोणता? आमच्या मतें हा प्रश्नच अपुरा आहे. पिलावळ आहे काय, हवा किती उष्ण आहे, मध भरत आहे काय, आणि मागील खेपेस कोणतें औषध दिलें होतें, हीं चार उत्तरें मिळालीं कीं उपाय आपोआप ठरतो.

परंतु त्याहीपूर्वीं मोजणी हवी. राणी त्यांत नाहीं याची खात्री करून, पिलावळीच्या पोळ्यावरील अर्धा पेला, म्हणजे सुमारें ३०० माश्या, जाळीच्या झांकणाच्या बरणींत घ्याव्या. त्यांवर पिठीसाखर टाकून बरणी हलवावी. कीड सुटून जाळींतून खालीं पडते, व माश्या जिवंत परत सोडतां येतात. ९ किडी पडल्या, तर शेंकडा ३ झाल्या. इतक्या दिसतांच पुष्कळ मधपाळ उपाय सुरू करितात. उपायानंतर पुन्हां मोजावें. आंकडा उतरला नसेल, तर औषध निष्फळ ठरलें, किंवा शेजारच्या मोहोळांतून नवी कीड आली, असें समजावें.

ज्यांच्या घरीं मेलिफेराच्या पेट्या आहेत, त्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं, आम्लें मोठ्यांच्याच हातीं असूं द्या. त्यांनींही हातमोजे व चष्मा घालावा. तुम्ही मोजणीची वही ठेवा. माश्या भरपूर दिसतात म्हणून स्वस्थ बसणाऱ्याची पेटी थोड्याच आठवड्यांत ओस पडूं शकते. वेळीं केलेल्या मोजणीनें तीच वांचते.