सुनेची मदत घेतली, तर श्रद्धा उणी पडली का?

प्रश्न : वय ६९. गुडघा बदलायचं ठरलंय. मुलगा-सून म्हणतात, ऑपरेशननंतर आमच्याकडेच राहा. आजवर कुणाचे उपकार घेतले नाहीत, सगळा भार विठ्ठलावर. आता त्यांच्याकडे जाणं म्हणजे विश्वास ढळणं का? कौल मिळत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुळीच नाही. जनाबाईंची कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच असेल. विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, शेण्या वेचू लागतो आणि जनाबाई त्याला ते करू देतात. देवाकडून घ्यायला संकोच नाही, मग त्याच्याच लेकरांकडून घ्यायला का असावा?

कौलाची वाट पाहू नका. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण निर्णय अर्जुनावरच सोडतात : पूर्ण विचार कर, मग वाटेल तसं कर. त्या विचारासाठी आधी ऐकावं लागतं. समर्थांनी दासबोधात नवविधा भक्ती सांगताना पहिला समास श्रवणालाच दिलाय. आपण मात्र ते पोथीपुरतं ठेवतो. डॉक्टरांना विचारा, जिना कधी चढता येईल, रात्री उठताना सोबत लागेल का. सुनेलाही बोलू द्या. मध्येच ‘मला काही नको’ म्हणू नका. त्यानं तिचा हात झिडकारल्यासारखं होतं.

मांडी घालून बसायला डॉक्टर बहुधा मनाई करतील. पूजा खुर्चीत बसून करा, देवाची त्याला हरकत नाही. हरिपाठाची वेळ तेवढी सुनेला आधीच सांगून ठेवा.