घरच्या काचपेटीत विदूषक मासा

गप्पी, मोली, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातील मासे आपल्यापैकी अनेकांनी पाळले असतील. खाऱ्या पाण्यातील प्रवाळ खडकावरचे मासे मात्र महाग असतात आणि नवशिक्याच्या पेटीत बहुधा थोड्याच दिवसांत मरतात. याचे मुख्य कारण घाई हे आहे. सुरुवातीस क्लाऊन फिश या नावाने विकला जाणारा विदूषक मासा निवडावा. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा मासा सुमारे ३ इंच वाढतो. त्याची ऑसेलॅरिस ही जात अंदमानच्या समुद्रात आढळते.

पेटी व पाणी

३ फूट लांब, १ फूट रुंद व सव्वा फूट उंच पेटीत सुमारे १०० लिटर पाणी मावते. एका जोडीस ती पुरेशी आहे. पेटी उन्हात ठेवू नये. तळाशी धुतलेला शिंपल्याचा चुरा पसरावा. त्यामुळे सामू टिकण्यास मदत होते.

खाण्याचे मीठ वापरू नये, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक पुरेसे नसतात. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ दर लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम घ्यावे. किनाऱ्यावरील बांधवांनी समुद्राचे पाणी पावसाळ्यात व खाडीच्या मुखाजवळ घेऊ नये. पाण्याची सापेक्ष घनता १.०२२ ते १.०२५, तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस व सामू ८.० ते ८.४ ठेवावा.

पेटी 'पिकू' द्या

कच्चे शेणखत पिकाला घातल्यास काय होते, हे आपणास ठाऊक आहे. नव्या पेटीचेही तसेच आहे. विष्ठा व उरलेले खाद्य कुजून विषारी अमोनिया तयार होतो. जमिनीत युरियापासून झालेल्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू असतात. तशाच प्रकारचे जीवाणू पेटीतील गाळणीत व चुऱ्यात वाढावे लागतात. ते अमोनियाचे नायट्राईट व पुढे नायट्रेट करतात. यासाठी मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून गाळणयंत्र व हवेचा पंप ४ ते ६ आठवडे चालवावा. तपासणी संचाने अमोनिया व नायट्राईट दोन्ही शून्य दिसल्यावरच मासे सोडावेत.

जोडीची निवड

हा मासा आपल्या जागेबद्दल फार हट्टी असतो. दोन लहान मासे, एक मोठा व एक छोटा, एकाच वेळी सोडावेत. सर्व पिल्ले प्रथम नर असतात. मोठा मासा पुढे मादी बनतो. ती मेल्यास नराची मादी होते. तिसरा मासा सोडल्यास जोडी त्याला कोपऱ्यात रेटून मारते. समुद्रफूल नसले तरी चालते. मातीचे छोटे मडके आडवे ठेवल्यास मासे तेच घर मानतात. जोडी जमल्यास मडक्यावर अंडी घालते. नर ती राखतो व ६ ते ८ दिवसांत रात्री पिल्ले बाहेर पडतात.

रोजची निगा

दिवसातून दोनदा, २ ते ३ मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दर पंधरवड्यास २० टक्के पाणी बदलावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यानेच भरावे. पाणी उडते, मीठ मागे राहते. खारवट जमिनीत आपण हेच पाहतो. वीज जाण्याची वेळ ठरलेली नसते, म्हणून बॅटरीवरील हवेचा पंप जवळ ठेवावा.

खरेदी करताना

बीजोत्पादन केंद्रात वाढविलेलाच मासा मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने याच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. असा मासा पेटीला व कोरड्या खाद्याला सरावलेला असतो आणि समुद्रातील साठाही सुरक्षित राहतो. समुद्रातील प्रवाळ मात्र आणू नयेत; त्यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे.

प्रथम पेटी तयार करा, मगच मासा आणा. सहा आठवडे रिकाम्या पेटीकडे पाहण्याचा धीर ज्याला आहे, त्याच्याकडे ही जोडी दहा वर्षेही नांदू शकते.