परीक्षेच्या दिवसांतली पोटदुखी

फेब्रुवारी लागला की दवाखान्यात चौदा-पंधरा वर्षांची मुले जास्त दिसू लागतात. कोणाचे पोट दुखते, कोणाला मळमळते, कोणाचे डोके ठणकते, तर कोणाला सारखे लघवीला जावे लागते. तपासावे तर ताप नाही, पोट मऊ, जीभ स्वच्छ. पालक म्हणतात, "अभ्यास टाळायला सोंग करतोय." पालकहो, हे सोंग नसते. दुखणे खरे असते. त्याचे मूळ परीक्षेच्या धास्तीत असते.

काही वर्षांपूर्वी एक आजी दहावीतल्या नातीला घेऊन आल्या. मुलीचे आई-वडील टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेले. घरी आजी, ही मुलगी आणि धाकटा भाऊ. "डाक्टर, पोरीला रोज सकाळी कळ येती. कायबी खाईना झालीय. कुणाची नजर तर लागली नसंल?" मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांनी दोघी परत आल्या आणि आजींच्या आग्रहाने मी सलाईनही लावले. तिसऱ्या खेपेस माझ्या ध्यानात आले, की कळ सकाळीच येते, रविवारी येत नाही. मग मी मुलीलाच विचारले, "बाळ, कशाची भीती वाटते?" ती रडू लागली. वडील फोनवर म्हणाले होते, "पास झालीस तर शीक, नाहीतर लगीन उरकून टाकू." पहिल्या दोन खेपांना मी पोट तपासले, मुलीला काही विचारले नाही, ही माझी चूक.

असे का होते?

संकट दिसले की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात येते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, तोंड कोरडे पडते, पोटाचा रक्तपुरवठा कमी होऊन मळमळते. बांधावर साप दिसला तर ही तयारी उपयोगी पडते. पण प्रश्नपत्रिकेपुढून पळून जाता येत नाही, आणि तिच्याशी झुंजताही येत नाही. मग ती सारी शक्ती शरीरातच घुसमटते.

थोडी भीती मात्र चांगली असते. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. अवघड काम शिकताना धाक बेताचा असला तर उंदीर लवकर शिकत, तो फार वाढला की चुका करीत. मुलांचेही बरेचसे तसेच आहे. बेताची काळजी मुलाला पुस्तकाशी बसवते. ती हाताबाहेर गेली की पाठ केलेलेही आठवत नाही.

आपल्या जिल्ह्यात या काळजीत आणखी एक भर पडते. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दहावी-बारावीची परीक्षा नेमकी याच काळात येते. मुले आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. घरकाम, धाकट्या भावंडांची जबाबदारी, घेतलेल्या उचलीची चिंता आणि "तू शिकलास तरच आपला कोयता सुटंल" हे वाक्य, एवढे ओझे घेऊन ती पेपरला बसतात.

पालकांनी काय करावे?

१) आधी ऐकून घ्या. "घाबरू नकोस" म्हटल्याने भीती जात नाही. "कशाची भीती वाटते?" असे विचारा आणि उत्तर मध्येच तोडू नका.

२) लग्न, कोयता, शेजारच्या मुलाचे गुण या गोष्टी परीक्षा संपेपर्यंत काढूच नका. फडावरून फोन करणाऱ्या वडिलांनी "अभ्यास झाला का?" याच्या आधी "जेवलीस का? झोप लागते का?" हे विचारावे.

३) झोप मोडू नका. या वयात आठ तास झोप लागते. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. रात्रभर चहा पिऊन जागणारा मुलगा सकाळी वाचलेलेच विसरतो. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बाजूला ठेवावा.

४) उपाशीपोटी पाठवू नका. दूध-भाकरी, वरण-भात, शेंगदाणे-गूळ असे रोजचे साधे खाणे पुरे. परीक्षेच्या सकाळी नवीन पदार्थ नको.

५) घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका घरी सोडवून घ्या. भीती बरीचशी अनोळखीपणाची असते. शक्य असल्यास परीक्षा केंद्र आदल्या दिवशी दाखवून आणा.

६) बुद्धिवर्धक टॉनिक, जागरणाच्या किंवा झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. धडधड थांबवणारी एक गोळी मुले एकमेकांना सुचवतात. दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरते.

पेपरच्या वेळी

मुलांनो, केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा. फाटकाशी उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारू नका. छाती धडधडू लागली तर नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजेपर्यंत सावकाश सोडा. असे दहा वेळा करा. श्वास सोडणे लांबले की हृदयाची गती उतरते. ही सवय मात्र महिनाभर आधीपासून हवी.

पेपर हातात आल्यावर आधी येणारे प्रश्न सोडवा. डोके एकदम रिकामे झाल्यासारखे वाटले तर पेन खाली ठेवा, दोन घोट पाणी प्या, पाय जमिनीवर टेकवा आणि त्या विषयातले जे आठवेल ते कच्चे लिहा. एक धागा सापडला की पुढचे आठवते. मंडळाने २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत, हेही लक्षात असू द्या. झालेल्या पेपरची उत्तरे घरी ताडून पाहू नका.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

वजन घटत असेल, ताप येत असेल, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, उलटीत वा शौचात रक्त दिसत असेल, तर परीक्षेला दोष देऊन थांबू नका. मुलगी फिकट दिसत असेल, तिला दम लागत असेल, तर रक्त तपासून घ्या. रक्तक्षयानेही थकवा येतो आणि लक्ष लागत नाही.

दोन आठवडे झोप आणि भूक गेली असेल, मूल कोणाशी बोलत नसेल, "मी नसलेलेच बरे" असे म्हणत असेल, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, विशेषतः निकालाच्या दिवसांत. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. परीक्षेच्या काळात मंडळाचे समुपदेशकही फोनवर उपलब्ध असतात.

नापास होणे म्हणजे वर्ष वाया जाणे, ही समजूत आता जुनी झाली. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळण्याची सोय आहे. हे मुलांना निकालाआधीच सांगा.

त्या मुलीच्या वडिलांना मी दवाखान्यातून फोन लावला. ते फडावर होते. सारे ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, मी तसं रागात बोललो. तिला फोन द्या." काय बोलले ते मी ऐकले नाही, पण मुलीने डोळे पुसले. त्या रात्री ती पोटभर जेवली, हे आजींनी नंतर सांगितले.

त्या वर्षी तिचे गणित राहिले. वडिलांनी लग्नाचा विषय काढला नाही. जुलैत तिने गणित सोडवले आणि पुढे बारावीही केली. मी दिलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या तशाच उरल्या होत्या.