हेलिकॉप्टर शिकायचंय? आधी तास मोजा

आमच्या मोडनिंबकडे हेलिकॉप्टर दोनच वेळेला दिसतं. एक तर आषाढीला पंढरपूरच्या बाजूला जाताना, नाहीतर निवडणुकीत. मैदानात पांढऱ्या फक्कीनं मोठा 'एच' काढतात, टँकर आणून धूळ बसवतात, आणि सभेपेक्षा जास्त गर्दी त्या 'एच'भोवती होते. त्या गर्दीतल्या दहा पोरांना तरी तेव्हा पायलट व्हायचं असतं. नऊ जण घरी पोचेपर्यंत विसरतात. दहावा माझा चुलतभाऊ निघाला.

बारावीनंतर तो एका एजंटाचं रंगीत माहितीपत्रक घेऊन घरी आला. गुळगुळीत कागद, गॉगल लावलेला पायलट, 'शंभर टक्के नोकरीची हमी' आणि सगळी फी एकदम भरली तर मोठी सूट. रक्कम अर्ध्या कोटीच्या पुढची. आण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, डाळिंबाच्या बागेतली दोन एकर जमीन विकायची तयारी चालवली आणि मला बोलावून घेतलं. "तू इंजिनिअर हायस, जरा वाचून बघ. शिकला की नोकरी लागती का रं?" मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, हेलिकॉप्टरशी संबंध फक्त रोटर डायनॅमिक्सच्या दोन प्रकरणांपुरता. पण प्रश्न जमिनीचा होता, म्हणून दोन सुट्ट्या त्यात घातल्या. आपल्या हॉस्टेलवरही हे खूळ असलेले चार-पाच जण आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

माहितीपत्रक तीनदा वाचलं. हॉस्टेलचे फोटो होते, जेवणाचा मेनू होता (आपल्या मेसपेक्षा बरा!), पण शाळेकडे हेलिकॉप्टरं किती आणि त्यातली उडणारी किती, हे कुठंच नव्हतं. मित्रांनो, सगळी मेख इथंच आहे. फ्लाइंग स्कूलमध्ये आपण विकत घेतो ते तास. भारतात हेलिकॉप्टरच्या कमर्शियल लायसन्ससाठी १५० तासांचं उड्डाण लागतं. आता साधं गणित करा. समजा शाळेत वीस मुलं आणि दोन हेलिकॉप्टरं आहेत. वीस मुलांचे मिळून ३००० तास झाले. एक हेलिकॉप्टर दिवसाला चार तास, महिन्यातले वीस दिवस उडालं तर ८० तास, दोन्हीचे मिळून १६०. म्हणजे एकोणीस महिने, तेही दोन्ही मशिन एकदाही बंद पडल्या नाहीत तर. आणि मशिन बंद पडतात. रॉबिन्सनसारख्या छोट्या हेलिकॉप्टरची दर १०० तासांनी तपासणी होते आणि २२०० तासांनी पूर्ण ओव्हरहॉल. एक मशिन उघडून ठेवलं की अर्धी शाळा झाडाखाली बसते. पावसाळ्याचे महिने वेगळेच. म्हणून शाळेत गेल्यावर ऑफिसात बसू नका. हँगरमध्ये जा, किती हेलिकॉप्टरं पंख्यासकट उभी आहेत ते मोजा. मग कँटीनमध्ये एखाद्या जुन्या मुलाला विचारा, "गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?" त्याचं उत्तर माहितीपत्रकापेक्षा खरं असतं. इन्स्ट्रक्टर किती, ते किती दिवस टिकतात, हेही त्यालाच विचारा.

फी एकदम भरू नका, हे मी आण्णांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना उदाहरण हवं होतं, ते अमेरिकेत सापडलं. सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची लास वेगासकडची कंपनी, अनेक राज्यांत शाळा असलेली. कोर्सची किंमत जवळजवळ ७०,००० डॉलर, बहुतेकांनी कर्ज काढून आधीच भरलेली. ३ फेब्रुवारी २००८ ला कंपनीने एकाएकी काम थांबवलं आणि दिवाळखोरीचा अर्ज केला. अडीच हजारांहून जास्त विद्यार्थी अडकले, कित्येकांचे निम्मे तासही झाले नव्हते. तास गेले, कर्ज राहिलं. तेव्हा पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. जेवढे तास उडाले तेवढी पावती, आणि सोडून गेलो तर उरलेली रक्कम परत कशी मिळणार ते कागदावर लिहून घ्या. 'सूट' म्हणजे आपणच शाळेला दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं, असं आमचे अकाउंटचे सर म्हणाले ते मला पटलं.

आता शाळा आहेत कुठं? आपल्याकडच्या लोकांना बारामती आठवते. तिथल्या धावपट्टीवर विमान शिकवतात. विमानाचं लायसन्स वेगळं, हेलिकॉप्टरचं वेगळं. दुसरं नाव येतं नाशिकचं. नाशिक रोडला लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, पण तिथं फी भरून प्रवेश मिळत नाही, लष्करी अधिकारी व्हावं लागतं. नागरी शिक्षणासाठी बंगळुरूला एचएएलची रोटरी विंग अकॅडमी आहे. हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या नागरी संस्था आपल्या देशात मोजक्याच. कुठल्याही शाळेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि ती मान्यता हेलिकॉप्टरसाठी आहे का, या दोन गोष्टी स्वतः बघाव्यात, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत. परदेशात शिकलात तरी परत आल्यावर इथल्या डीजीसीएच्या परीक्षा चुकत नाहीत.

पैशाचा पहिला रुपया मेडिकलवर जावा. आधी क्लास २, मग क्लास १. कमर्शियल लायसन्सला क्लास १ लागतंच. डोळे, कान, हृदय यात काही निघालं तर ते जमीन विकायच्या आधी निघालेलं बरं. दुसरा रुपया पुस्तकांवर. नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळ्यांना पासिंग ७० टक्के. आपल्यासारखं चाळीसवर निभावत नाही! हे पेपर घरी बसून अभ्यास करून देता येतात. ते आधी काढून शाळेत गेलं की तिथले महिने उडण्यात जातात.

प्रत्यक्ष शिकताना पहिली भिंत म्हणजे हॉवर, एका जागी तरंगणं. डाव्या हातात कलेक्टिव्ह, उजव्यात सायक्लिक, पायांत पेडल. रॉबिन्सनमध्ये कलेक्टिव्ह वर ओढलं की टॉर्क वाढतो आणि नाक उजवीकडे वळायला लागतं. म्हणून डावं पेडल. ते दाबलं की टेल रोटरचा जोर वाढून अख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे सरकतं. म्हणून सायक्लिक किंचित डावीकडे. तेवढ्यात उंची बदलते, की पुन्हा कलेक्टिव्ह. चेतकचा रोटर उलट्या दिशेनं फिरतो, तिथं पायाचा हिशेब उलटा. पहिले पाच-दहा तास बहुतेकांचे या झोंबाझोंबीतच जातात, त्यात लाज नाही. इन्स्ट्रक्टर लोकांचं सांगणं एकच असतं: नाकापुढच्या गवताकडे बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा, हात मांडीवर टेकवा आणि सायक्लिक दोन बोटांत धरा. आठवड्यातून तीन-चारदा उडायला मिळालं तर हात बसतो. पंधरा दिवसांचा खंड पडला की पहिला अर्धा तास जुनंच आठवण्यात जातो, आणि त्या अर्ध्या तासाचेही पैसे लागतात. मशिन कमी असलेली शाळा महाग पडते ती अशी.

दुसरी गोष्ट ऑटोरोटेशन. इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह लगेच खाली, मग खालून येणारी हवा रोटरला भिरभिऱ्यासारखी फिरवत ठेवते. आर-२२ सारख्या हलक्या रोटरला त्यासाठी पायलटकडे एखाद-दोन सेकंदच असतात. मिनिटाला पंधराशे फुटांच्या आसपास वेगानं खाली येताना १००० फुटांवरून जमेतेम चाळीस सेकंद मिळतात, त्यात जागा निवडायची, वळायचं आणि शेवटी रोटरमध्ये साठलेली ऊर्जा वापरून अलगद टेकायचं. शाळा हे किती वेळा करून घेते, की फक्त परीक्षेपुरतं दाखवते, हा प्रश्न मी फीच्याही आधी विचारीन.

त्या रोटरची ऊर्जा किती असते? आर-२२ चं पातं मिनिटाला सुमारे ५१० फेरे घेतं, व्यास साडेसात मीटरच्या वर. टोकाचा वेग काढून बघा, सेकंदाला २०० मीटर येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः हेलिकॉप्टर बनवणारा एक तरुण कारागीर चाचणीच्या वेळी पातं तुटून डोक्याला लागल्यामुळे गेला. त्याची हुशारी आपल्या कितीतरी जणांपेक्षा जास्त होती. म्हणून वर्कशॉपमध्ये 'आपणच बनवू' म्हणणाऱ्यांना मी हा वेग आधी काढायला लावतो.

सोलापूरच्या उन्हाचाही हिशेब सांगतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण १६०० फूट. मे महिन्यात ४२ अंशाला हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला ती सुमारे ५००० फुटांवरच्या हवेसारखी वाटते. आर-२२ चं कमाल वजन ६२१ किलो. जाडजूड इन्स्ट्रक्टर आणि जाडजूड विद्यार्थी दुपारी दोनला बसले तर टाकी पूर्ण भरता येत नाही, म्हणजे सॉर्टी छोटी. त्यामुळे उन्हाळ्यात चांगल्या शाळा पहाटे उडतात. सकाळी सहाला हँगर बंद दिसला तर समजून घ्या.

राहिला आण्णांचा प्रश्न. खरं सांगायचं तर नोकरीची हमी कोणी देऊ शकत नाही. भारतात नागरी हेलिकॉप्टरवर सैन्यातून आलेले पायलट फार मोठ्या संख्येनं आहेत, हजारो तासांचे. मुंबई हायच्या समुद्रावर जाणाऱ्या कंपनीला १५० तासांचा नवखा आणि तो फौजी यांतून कोण हवा असेल? म्हणून शाळेला विचारायचं, मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठं आहेत? नावं-फोन देत नसतील तर उत्तर मिळालं.

आपल्या हॉस्टेलवाल्यांना मात्र दुसरी वाट आहे, आणि माझ्या मते तीच आधी चालून बघावी. हवाई दलाची एएफकॅट. पदवीला ६० टक्के, वय २० ते २४, उंची १६२.५ सेंटिमीटर. फी नाही, उलट पगार. अडचण दोन. हेलिकॉप्टरच मिळेल असं नाही, तो प्रवाह ट्रेनिंगमध्ये ठरतो. आणि पायलटसाठीची सीपीएसएस चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तयारी न करता 'बघू तरी' म्हणून जाऊ नये. लष्कराची वाटही आहे. कॅप्टन अभिलाषा बराक इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर, २०१६ ला बी.टेक., २०१८ ला लष्करात, आणि २५ मे २०२२ ला नाशिकमध्ये विंग्ज घेऊन आर्मी एव्हिएशनमधल्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. आपल्या मुलींच्या हॉस्टेलवर हे नाव माहीत असायला हवं.

भावानं मेडिकल क्लास २ काढलं आणि बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, पदवीनंतर एएफकॅट द्यायची म्हणून. नाही जमलं तर मग बंगळुरूचा विचार. आण्णांनी बागेची छाटणी उरकली. डीजीसीएच्या पेपरांचे सिलॅबस आणि शाळेला विचारायच्या प्रश्नांची यादी यांचे प्रिंट माझ्याकडे आहेत. ज्याला हवेत त्यानं रात्री मेस सुटल्यावर रूमवर यावं. झेरॉक्स काढून परत मात्र आणून द्यावेत.