बाजारपेठेतील सावड : ग्रामीण कलाकारागिरांची परस्परसाहाय्य मंडळे

शेतीच्या कामात सावड करण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवी नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल आहे, तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी सावड करतो आणि दोघांचीही नांगरट वेळेवर उरकते. इर्जिकीच्या दिवशी सारा गाव एकाच्या शेतात उतरतो. परंतु हाच शेतकरी आपल्या हातची कला घेऊन शहराच्या बाजारात जातो, तेव्हा मात्र तो बहुधा एकटाच जातो. शेजारच्या कारागिरास तो भाव सांगत नाही, गिऱ्हाईक दाखवीत नाही आणि आपली अडचणही कळू देत नाही. परिणामी दोघांनाही व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यावा लागतो. शेतातील सावड बाजारपेठेपर्यंत कशी न्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

मुंबईची मागणी व गावचा जोडधंदा

रायगड जिल्ह्यातील पेण तालुका हा मूळचा भातशेतीचा. पेण शहर आणि हमरापूर, जोहे इत्यादी गावे आज गणेशमूर्तींसाठी सर्वत्र ओळखली जातात. त्यांची मोठी बाजारपेठ म्हणजे मुंबई. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लालबागच्या बाजारातील प्रसिद्ध गणपतीची स्थापना १९३४ सालची. लालबाग-परळ भागात उंच सार्वजनिक मूर्ती घडविणारे कारखाने उभे राहिले, तर दादर, गिरगाव व परळ येथील घरोघरच्या लहान मूर्तींची मागणी पुष्कळ अंशी बाहेरगावचे कारागीर पुरवू लागले. मूर्तिकाराकडे आगाऊ पाट नेऊन देण्याची रीत अनेक कुटुंबे अद्याप पाळतात.

या धंद्याचे तीन विशेष ध्यानी घ्यावेत. पहिला असा की, विक्रीचा हंगाम अत्यंत आखूड असतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थी उलटली की उरलेल्या मूर्तीस वर्षभर गिऱ्हाईक नाही. दुसरा असा की, रंगकामाची घाई आणि भाताची लावणी ही दोन्ही कामे एकाच सुमारास येतात, त्यामुळे घरातील माणसे दोन्हीकडे अपुरी पडतात. तिसरा विशेष म्हणजे भांडवल दिवाळीनंतर गुंतू लागते व पैसा श्रावण-भाद्रपदात हाती येतो. मधल्या आठ-नऊ महिन्यांत माती, रंग व मजुरी यांसाठी उचल घ्यावी लागते. उचल देणारा व्यापारीच माल घेणार असल्यास भाव तोच ठरवितो. अशा वेळी कारागीर कच्ची, म्हणजे न रंगविलेली मूर्ती स्वस्तात देऊन मोकळा होतो, आणि रंगकामाची व डोळ्यांच्या आखणीची कमाई दुसऱ्याच्या पदरात पडते.

ही अडचण केवळ मूर्तिकारांची नाही. बुरूड, कुंभार, घोंगडी विणणारे, लाकडी खेळणी करणारे, वारली चित्रे काढणारे अशा सर्वांच्या वाटेत ती उभी आहे. तीतून मार्ग कसा निघतो, हे मुंबईच्याच दोन वस्त्यांनी दाखवून दिले आहे.

गिरगावचा दाखला

दिनांक १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रिया पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी एक. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून घेतलेले ८० रुपयांचे कर्ज एवढेच त्यांचे भांडवल होते. त्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यास विकण्यात आली. ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था यातूनच वाढली. आज तिच्या सभासद भगिनींची संख्या सुमारे ४५ हजार आहे. जसवंतीबेन यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या वाढीमागे कोणतेही गूढ नाही. प्रारंभीच काही नियम ठरले व ते पाळले गेले. पहिला नियम, दान घ्यावयाचे नाही. दुसरा नियम, हिशेब चोख ठेवावयाचा. तिसरा नियम, प्रत एकच व ती उत्तम. आरंभी या भगिनी हलक्या प्रतीचा स्वस्त पापडही करीत असत, परंतु श्री. पारेख यांच्या सल्ल्यावरून एका ठरीव प्रतीचाच पापड करण्याचे ठरले. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. सर्व सभासद समान मालकीण असून नफा व तोटा दोन्ही सर्वांचा.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात व काम चार महिने बंद राहिले. पुढील वर्षी भगिनींनी एक खाट व एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवली आणि काम चालू राहिले. पावसात मूर्ती वाळत नाही म्हणून हवालदिल होणाऱ्या कारागिराने हे उदाहरण लक्षात ठेवावे. एकट्याला जो खर्च जड जातो, तो दहा जणांत वाटला की सोसतो.

अपयशही आले. १९६१ साली मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न फसला, परंतु संस्था खचली नाही. १९६६ साली तिची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. सात वर्षे स्वतःच्या बळावर काम करून दाखविल्यावर सरकारी साहाय्य मिळाले, हा क्रम विसरू नये.

गिरणगावचा दाखला

परळ, लालबाग व दादर या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार कुटुंबावाचून राहत असत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करीत. कामगाराचा पगार महिन्याने होई, तोवर वाण्याचे उधार व सावकाराचे व्याज ती बाई सोसत असे. १९७३-७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हा या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले व त्या स्वतः कर्जात बुडाल्या. त्यांच्या कष्टाची दखल घेऊन कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

या मंडळाची युक्ती अशी की, ज्या बाईजवळ गहाण ठेवण्यास काही नाही, तिला शेजारच्या बायका जामीन राहिल्या. लहान गट, गटाची एक प्रमुख, आणि एकीचा हप्ता चुकला तर तिच्या दारी जाऊन विचारपूस करणाऱ्या बाकीच्या जणी, अशी ही रचना होती. १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांची दारे त्यामुळे या बायकांस उघडली व सावकाराचा पाश सैल झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून मोठा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या व खानावळींचे गिऱ्हाईक तुटले. त्या काळातही ज्यांच्या पाठीशी मंडळ होते, त्यांना निदान सल्ला व धीर मिळण्याचे ठिकाण उरले. परस्परसाहाय्याचे मोल सुबत्तेच्या दिवसांपेक्षा पडत्या काळात अधिक कळते.

वारली चित्रांचा दाखला

डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची परंपरा आहे. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही कला भिंतीवरून कागदावर उतरली. १९७५ साली जिव्या सोमा मशे यांची चित्रे मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या वास्तूतील केमोल्ड गॅलरीत मांडली गेली. श्री. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कला प्रसिद्ध झाली तशी तिची नक्कलही फार झाली. कारखान्यांत छापलेल्या वस्तूंवर वारली आकृती दिसू लागल्या व मूळ कलावंतास त्यातून काही मिळेना. एकट्या चित्रकाराला याविरुद्ध काही करता येण्यासारखे नव्हते. आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतल्यावर २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंद झाली. कायद्याचे असे संरक्षण उत्पादकांच्या संघटनेमार्फत मिळते. त्याचा प्रत्यक्ष लाभ घेण्यासाठी मात्र प्रत्येक कलावंताने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदविले पाहिजे.

मंडळ कसे उभारावे

१. सभासद : एकाच गावचे, एकाच धंद्याचे, परस्परांना ओळखणारे दहा ते पंधरा कारागीर पुरे. संख्येसाठी परक्यांची भरती करू नये. प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्त्रीचे नाव सभासद म्हणून लागावे, केवळ घरधन्याचे नव्हे.

२. बैठक : पंधरवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगाव्यात : कोणत्या भावाने माल गेला, कोणाकडे पैसे थकले, पुढे कोणती अडचण दिसते. भाव लपविणारा सभासद स्वतःचेही नुकसान करतो, हे सर्वांस पटवून द्यावे.

३. श्रमाची सावड : लावणीच्या आठवड्यात पाच घरांची शेते पाळीपाळीने उरकावीत व उरलेल्या हातांनी रंगकाम चालू ठेवावे. ज्याचा हात आखणीत चांगला आहे त्याने इतरांच्या मूर्तींची आखणी करावी व त्याचा मोबदला आधी ठरवावा.

४. वाहतूक व जागा : उदाहरणादाखल, पाच कारागिरांनी दादरला माल नेण्यास स्वतंत्र टेम्पो केले व प्रत्येकी ७,००० रुपये भाडे पडले, तर एकूण खर्च ३५,००० रुपये होतो. तोच माल दोन टेम्पोंत मावला तर १४,००० रुपयांत काम होऊन प्रत्येकी २,८०० रुपये पडतात. विक्रीच्या मंडपाचे भाडे व रात्रीची राखण यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

५. आपत्ती निधी : विक्रीच्या शेकडा २ रुपये निधीत टाकावेत. समजा, पाच जणांची प्रत्येकी दीड लाख रुपयांची विक्री झाली, तर निधीत १५,००० रुपये जमतात. एखाद्याच्या १५ मूर्ती वाटेत फुटल्या व प्रत्येकीचा घडणावळ खर्च ८०० रुपये असला, तर १२,००० रुपयांचे नुकसान निधीतून भरून निघते. तो मनुष्य पुढील वर्षी धंद्यात टिकतो. निधी कोणाच्या घरी न ठेवता बँकेत, दोघांच्या सहीने ठेवावा.

६. प्रत व प्रामाणिकपणा : शाडूची म्हणून प्लास्टरची मूर्ती विकणे ही फसवणूक होय. एकाने केलेल्या अशा कृत्याने साऱ्या गावाचे नाव बुडते. मंडळाने प्रत्येक मूर्तीवर कारागिराचे नाव व साहित्य लिहिलेली चिठ्ठी लावावी.

७. नियमांची माहिती : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मुभा दिली, परंतु न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करण्यास मनाई केली. असे बदल हंगामाच्या तोंडावर कळल्यास कारागिराचे वर्ष वाया जाते. यास्तव एका सभासदाकडे ही माहिती वेळोवेळी मिळविण्याचे काम सोपवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य

कार्यकर्त्याने मंडळाचा पुढारी होऊ नये. त्याने प्रथम तीन-चार कारागिरांना एकत्र बसवून गेल्या हंगामाचा हिशेब मांडावयास लावावे. प्रत्येकाचा खर्च, मिळालेला भाव व उरलेला माल फळ्यावर लिहिला की मंडळाची गरज सांगण्यासाठी व्याख्यानाची जरूर उरत नाही. त्यानंतर बँकेत खाते उघडणे, हिशेबाची वही घालून देणे, आणि स्त्रियांचा गट असल्यास ‘उमेद’ अभियानाशी किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाशी संबंध जोडून देणे ही कामे करावीत. नोंदणीची घाई करू नये. एक हंगाम एकत्र पार पाडल्यावर सहकारी संस्था करावी की साधा बचत गट पुरे, हे सभासदांनीच ठरवावे.

काही धोकेही सांगणे अवश्य आहे. एकाच घरातील माणसांचे मंडळ, नुसत्या अनुदानासाठी जमलेले मंडळ आणि वही एकाच्याच ताब्यात असलेले मंडळ फार काळ टिकत नाही. तसेच मंडळ झाले म्हणून व्यापाऱ्याशी वैर धरण्याचे कारण नाही. हंगामाच्या घाईत सर्व माल स्वतः विकणे शक्य नसते. काही माल व्यापाऱ्यास द्यावाच लागेल, परंतु तो ठरलेल्या भावाने व पैशाच्या लेखी मुदतीने द्यावा. उचल मंडळाच्या निधीतून किंवा बँकेकडून मिळू लागली की अशी अट घालण्याचे बळ कारागिराच्या अंगी येते.

येत्या दिवाळीनंतर मूर्तीच्या मातीची खरेदी सुरू होईल. मंडळाचा आरंभ करण्यास तोच काळ योग्य होय. पहिली खरेदी एकत्र करावी, मातीचा भाव सर्वांसमक्ष ठरवावा आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे. एवढे पाऊल ज्या गावाने टाकले, त्या गावचे कारागीर पुढच्या श्रावणात दादर-लालबागला माल घेऊन जातील, तेव्हा शेजाऱ्याचा भाव त्यांना ठाऊक असेल आणि मूर्ती उरली तरी तिचा भार एकाच घरावर पडणार नाही.