फोनवरून रक्तदाब-मधुमेहाचा सल्ला : कितपत भरवशाचा?

मंडणगड किंवा राजापूर तालुक्यातील आडवाडीतून रक्तदाबाची गोळी आणायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाचा सारा दिवस एस.टी.त आणि दवाखान्याच्या बाकावर जातो. मुलगे मुंबईला, सोबतीला कोणी नाही. मग 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी परस्पर बंद होते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही; कित्येकदा तो कळतो अर्धांगवायूचा झटका आल्यावरच. म्हणून फोनवरून वा व्हिडिओवरून सल्ला घेण्याची सोय आपल्या जिल्ह्याला फार उपयोगाची आहे, असे माझे मत आहे.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी यासंबंधी नियम काढले. ज्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासले आहे, त्यांच्याकडून त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत फोनवर फेरसल्ला घेऊन औषधे पुढे चालू ठेवता येतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. सरकारची 'ई-संजीवनी' सेवा मोफत आहे. ती घरूनही घेता येते. पण वयस्कर मंडळींनी उपकेंद्रात जाऊन समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत घ्यावी, असे मी सुचवेन. तिथे रक्तदाब मोजायला माणूस असतो.

कारण खरी गोम तिथेच आहे. फोनवर डॉक्टरांच्या हाती रुग्णाची नाडी नसते, असतात ते फक्त तुम्ही सांगितलेले आकडे. घाटी चढून आल्याबरोबर यंत्र लावले तर आकडा वाढणारच! मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. यंत्राचा पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. मनगटावरची यंत्रे मला तितकीशी भरवशाची वाटत नाहीत. घरी मोजलेला रक्तदाब वारंवार १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर डॉक्टरांना कळवावे.

मधुमेहात मात्र फोनची धाव थोडी. लावणीत अनवाणी चिखलात उभे राहणाऱ्याच्या बधिर पायात काटा मोडला तरी त्याला कळत नाही, आणि बधिरपणा कॅमेऱ्याला दिसत नाही. पायांची तपासणी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडासाठी लघवी व रक्ताच्या चाचण्या यांसाठी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष गेलेच पाहिजे.

छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास व्हिडिओ जोडत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

आणि एक. फोन लावताना चालू गोळ्यांची पाकिटे समोर ठेवा. 'ती पांढरी, बारकी गोळी' एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला बोध होत नाही.