लीश सोडण्याआधी

ब्रूनोचं शेवटचं इंजेक्शन झालं आणि या शनिवारी सगळे मिळून त्याला मेरीमूरला नेणार, असं तू काल फोनवर म्हणालीस. जा, जरूर जा. रेडमंडमध्ये घर घेतलंत, कुत्रा पाळलात आणि मेरीमूरला गेला नाहीत, असं होऊच शकत नाही. कुत्र्यांनी मोकळं धावावं म्हणून नदीकाठची ४० एकर जागा राखून ठेवली आहे, हे सुख पुण्यात कुणाच्या नशिबी नाही. फक्त या शनिवारी नको.

इंजेक्शन टोचलं की लगेच अंगात प्रतिकारशक्ती येत नाही. पिल्लू सोळा आठवड्यांचं झालं, शेवटचा डोस झाला आणि त्यावर एक-दोन आठवडे गेले की मगच त्याला जिथे शेकडो कुत्री हुंगून-मुतून गेलेली असतात अशा जागी न्यायचं. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. तुमच्या व्हेटला तारीख विचार आणि तीच पाळ. त्याच वेळी लेप्टोच्या लशीबद्दलही विचार. मुंबईच्या पावसात ज्याच्या बातम्या वाचत आलो तोच हा लेप्टो, उंदीर आणि रॅकूनच्या मुतातून डबक्यात उतरणारा. सिएटलकडच्या पावसाळ्यात डबक्यांना काय तोटा! केनेल कफची लसही घेऊन टाक. रेबीजची तर वॉशिंग्टन राज्यात कायद्यानेच सक्तीची आहे, आणि किंग काउंटीचं लायसन्सही लागतं. तो बिल्ला गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेला असू दे.

मधल्या दिवसांत एक काम करा. ब्रूनोला घरी ठेवून तुम्ही तिघंच एकदा तिथे फिरून या. पार्किंग कुठे, फाटक कुठे, पायवाटा नदीकडे कुठे वळतात, शनिवारी अकरा वाजता किती झुंबड असते आणि मंगळवारी सकाळी किती शांत असतं, हे डोळ्यांखालून घाला. छोटीलाही तेवढ्यात दिसेल की ही घसरगुंडी-झोपाळ्याची बाग नाही. पहिली खरी फेरी मग मधल्या वारी, सकाळी, आणि वीस मिनिटांचीच करा. पिल्लू दमायच्या आत बाहेर पडायचं. दमलेलं पिल्लू चिडचिडं होतं आणि त्याला ती जागाच नकोशी होऊन बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉग पार्कमध्ये सुट्टी असते ती कुत्र्याची. आपली ड्यूटी असते. घरून निघतानाच ठरवा: ब्रूनोवर कोणाची नजर आणि छोटीवर कोणाची. दोन्ही कामं एकाच माणसाकडे द्यायची नाहीत, कारण नेमका ब्रूनो झुडपात शिरतो तेव्हाच पोरीच्या बुटात चिखल गेलेला असतो. जावईबापूंची क्रिकेटची दोस्तमंडळी मेरीमूरमध्येच खेळतात, भेटली तर गप्पा रंगणारच. रंगू देत, पण चालता चालता, आणि ज्याच्याकडे ब्रूनो आहे त्याचा फोन खिशात. मी पाहिलेल्या बहुतेक मारामाऱ्या माणसं घोळका करून उभी असतानाच झालेल्या आहेत. माणसं थांबली की कुत्रीही त्यांच्या पायांशी गोळा होतात, जागा कमी पडते, कुणाचा तरी चेंडू कुणाच्या तरी तोंडाशी येतो. तुम्ही चालत राहिलात की ब्रूनो तुमच्या मागे-पुढे करत राहील आणि कुणाच्या फार नादी लागणार नाही.

फाटकाचं शास्त्र वेगळं आहे. बऱ्याच डॉग पार्कना दुहेरी फाटक असतं. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हे छोटीच्याही अंगवळणी पाड. गाडीपासून फाटकापर्यंत लीश लावलेली, आणि आत शिरताना ती काढलेली. आत कुत्री सुटी आणि आपलंच बांधलेलं, असं कधी ठेवू नकोस. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही, लीश ताणली की मान ताठ होते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. फाटकाशी नव्या पाहुण्याला हुंगायला पाच-सहाजण धावत येतातच. तिथे रेंगाळायचं नाही, सरळ आत चालत सुटायचं. हार्नेसही काढून ठेव. खेळताना दुसऱ्याचा जबडा त्यात अडकला की दोघंही घाबरतात आणि खेळाची मारामारी होते. साधा पट्टा आणि बिल्ला पुरे.

खेळ आणि भांडण यातला फरक ओळखायला शीक, कारण नवख्या माणसाला दोन्हीतलं गुरगुरणं सारखंच ऐकू येतं. खेळणारा कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतो, अंग सैल असतं, उड्या वाकड्यातिकड्या असतात, आणि मुख्य म्हणजे पाळी बदलते. आत्ता हा मागे, मग तो मागे. मोठा कुत्रा लहानाशी खेळताना आपणहून जमिनीवर लोळण घेतो, ते बघत राहावंसं वाटतं. काळजीची लक्षणं शांत असतात. अंग एकदम ताठ होतं, तोंड मिटतं, शेपूट वर काठीसारखी थिजते, नजर रोखली जाते. दुसऱ्या बाजूला, घाबरलेला कुत्रा शेपूट पोटाशी घेतो, जीभ नाकावर फिरवतो, कारण नसताना जांभया देतो, डोळ्यातलं पांढरं दाखवत तिरकं बघतो, तुझ्या पायांमागे येऊन बसतो. ब्रूनो तसा मागे येऊन बसला तर त्याला पुढे ढकलू नकोस. "जा ना, खेळ ना," म्हणत कुत्र्याला घोळक्यात लोटणारी माणसं बघितली की माझ्या जिवाला लागतं. तो आधार मागायला आलेला असतो.

शंका आली तर सोपी परीक्षा आहे. जो पाठलाग करतोय त्याच्या मालकाला म्हणायचं, जरा धरा त्याला. दुसरा पुन्हा त्याच्याजवळ आला तर खेळ चालू दे. तो सुटका झाल्यासारखा लांब गेला तर खेळ संपला. पाठलाग करणारा ब्रूनो असेल तर आपण होऊन धरायचं, समोरच्याने सांगायची वाट बघायची नाही. लॅब्रडॉरची पिल्लं दांडगट असतात आणि "तो फक्त खेळतोय हो" हे वाक्य समोरच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या काही कामाचं नसतं.

छोटीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ती साडेतीन वर्षांची आहे आणि तिचं तोंड बरोबर मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं. त्यामुळे ती एक तर हात धरून चालेल किंवा जावईबापूंच्या खांद्यावर बसेल. धावायचं नाही, किंचाळायचं नाही, हातात बिस्कीट किंवा सॉफ्ट टॉय नाही. धावणारं, किंचाळणारं छोटं काहीही दिसलं की पाठलाग करणं कुत्र्याच्या रक्तात आहे. त्यात त्याचा दोष नाही. घरीच तिला "झाड हो" शिकव: पाय जमिनीत, हातांची घडी, नजर स्वतःच्या बुटांवर, तोंड बंद. अंगणात ब्रूनो उड्या मारत असताना रोज खेळ म्हणून करा. कुत्र्याला हलणाऱ्या गोष्टीत रस असतो, स्तब्ध झाडाला तो हुंगतो आणि निघून जातो. परक्या कुत्र्याला मिठी मारायची नाही, डोक्यावरून थोपटायचं नाही. मालकाला विचारायचं, आणि कुत्रा आपणहून आला तरच छातीशी किंवा खांद्याशी हात लावायचा.

एप्रिलमध्ये तुझे आई-बाबा येतायत. त्यांना पहिल्याच आठवड्यात, झोपेचं गणित बसायच्या आत, तिथे नेऊ नकोस. तुझ्या बाबांचं सगळं आयुष्य रस्त्यावरच्या कुत्र्यांना चुकवत सायकल हाकण्यात गेलंय. कुत्रा अंगावर आला की "हाड!" म्हणून खाली वाकायचं आणि दगड उचलल्यासारखं करायचं, ही आपल्याकडची हुकमी युक्ती. मेरीमूरमध्ये माणूस खाली वाकला आणि हात मागे नेला की आसपासची सगळी कुत्री आनंदाने त्याच्याकडे धाव घेतात, कारण त्यांच्या जगात तो हात चेंडू फेकायलाच मागे जातो. हे त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते बिचारे भयंकर घाबरतील. हात छातीशी, पाठ वळवायची, सावकाश चालत राहायचं. तुझ्या आईला ओढणी गाडीतच ठेवायला सांग. लोंबणारं, वाऱ्यावर हलणारं टोक पिल्लांना सोडवत नाही. आणि दोघांनाही सांग, उभं राहताना गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे. पाठशिवणीच्या नादात तीस किलोचं धूड मागून पायांवर येऊन आदळतं आणि ताठ गुडघा जागच्या जागी दुखावतो. त्यांचा प्रवासी विमा असला तरी सहा महिन्यांच्या मुक्कामातले दोन महिने गुडघ्याच्या पट्ट्यात घालवायचे नाहीत.

रेबीजची त्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, भारतात ती खरीच आहे. त्यांना समजेल असं सांग की अमेरिकेत कुत्र्यांमधून कुत्र्यांत पसरणारा रेबीज राहिलेला नाही, २००७ साली तसं जाहीर झालं. वॉशिंग्टनमध्ये त्याचा ठाव वटवाघळांत आहे. तरीही कुणाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, समोरच्या मालकाचा फोन आणि लशीचा पुरावा घ्यायचा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उलटंही लक्षात ठेव. या राज्यात कुत्रा चावला तर मालक जबाबदार असतो, तो आधी कधी चावलेला नसला तरी. घराच्या विम्यात कुत्र्याचं कलम काय म्हणतं ते एकदा वाचून घ्या.

मारामारी जुंपलीच तर मधे हात घालायचा नाही. मानेशी, पट्ट्याशी तर मुळीच नाही; चिडलेला कुत्रा आपल्याच माणसाला चावतो आणि त्याला ते कळतही नाही. बहुतेक भांडणं काही सेकंदांत आपोआप सुटतात. जोरात टाळी, बादलीभर पाणी, मधे उघडलेली छत्री, एवढं चालतं. नाहीच सुटली तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीशी धरून उलटं मागे चालत जायचं. छोटी ज्याच्याकडे असेल त्याने यात पडायचंच नाही, तिला घेऊन लांब जायचं.

खाणं घरी ठेवा. त्यावरून भांडणं होतात हे एक, पण मला धास्ती आहे ती आपल्या डब्याची. चिवड्यातले बेदाणे, शिऱ्यातल्या मनुका, रव्याच्या लाडवावर चिकटवलेला तो एक बेदाणा: द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉलही त्याच यादीत. आजी प्रेमाने हात पुढे करणारच, तेव्हा ही यादी मराठीत लिहून फ्रिजवर लाव. पाणी आणि भांडं मात्र आपलं न्यायचं. तिथल्या सामाईक भांड्यातून जिआर्डिया घरी येतो.

शी उचलायची हे सांगावं लागू नये, पण पाऊस पडत असला आणि कुत्रा लांब गवतात बसला की भले भले आकाशाकडे बघू लागतात. तसं करू नका. ती घाण पावसाबरोबर नदीत जाते. शिवाय या जागा आपोआप मिळालेल्या नाहीत. बर्कलीत १९७९ साली ओहलोनी डॉग पार्क सुरू झालं, ते अमेरिकेतलं पहिलं मानतात. तिथून पुढे गावोगावी कुत्रेवाल्यांनी बैठकांना बसून, झाडून-लोटून, ही मोकळीक मिळवली आणि टिकवली. आपण आयत्यावर आलो आहोत, तर निदान पिशवी तरी खिशात हवी.

हाक मारली की येणं, हे तिथे जाण्याआधी अंगणात पक्कं हवं. घरात एकच हाक ठरवा आणि सगळ्यांनी तीच वापरा, आजी-आजोबांनीसुद्धा. तिथे गेल्यावर दर थोड्या वेळाने त्याला उगाच बोलवायचं, कौतुक करायचं आणि परत सोडून द्यायचं. निघतानाच तेवढी हाक मारलीत तर हाक म्हणजे घर हे त्याला लगेच कळतं आणि मग चाळीस एकरांत तुम्ही त्याच्या मागे धावाल.

दीड-दोन वर्षांचा झाल्यावर ब्रूनोला कदाचित हे सगळं नकोसंही होईल. वयात आलेल्या पुष्कळ कुत्र्यांना परक्यांची गर्दी आवडेनाशी होते. मग हट्ट करू नकोस. समामिश नदीच्या पायवाटेवर लीश लावून तासभर चालणं हेही त्याला तितकंच प्रिय असेल.

निघताना गमबूट, जुने पंचे, गाडीच्या मागच्या सीटवर चादर. पार्कालगत कुत्री धुवायची सोय आहे, ती चिखलाच्या दिवसांत वापरा. उन्हाळ्यात घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांची आतली बाजू चाचपून बघ; गवताचं कुसळ कातडीत शिरलं की आत आत सरकत जातं. कुठल्या तळ्यावर शेवाळाचा इशारा लावला असेल तर तिथे पाण्यात उतरू द्यायचं नाही.

आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर नदीपासून सांभाळ. त्या दिवसांत सॅल्मन अंडी घालायला वर चढतात आणि मरून काठाला लागतात. कुजका मासा कुत्र्याला पक्वान्न वाटतो. पण इथल्या सॅल्मनमध्ये एक बारीक कृमी असतो आणि त्या कृमीत जिवाणू. कच्चा मासा पोटात गेला की साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात, कुत्रा अन्न सोडतो. उपचार न मिळालेली बहुतेक कुत्री दगावतात, वेळेवर औषध मिळालेली बरी होतात. तेव्हा शरदात ब्रूनो काठाने काही चघळताना दिसला तर तारीख लिहून ठेव, आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत त्याने एक वेळचं जेवण जरी टाकलं, तरी व्हेटला फोन करून पहिलं वाक्य हेच सांग: आम्ही मेरीमूरला गेलो होतो आणि याने नदीकाठी मासा खाल्ला असावा.